धाव : चाकावरच्या घराचा एक उपेक्षित इतिहास

मराठीत ‘धाव’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. दुसरा वर्गात विचारला तर आता क्वचितच एखादा हात वर होतो. लाकडी चाकाच्या परिघावर तापवून बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. क्रियेला आणि ती क्रिया शक्य करणाऱ्या वस्तूला एकच नाव देणारी भाषेची ही दृष्टी मोठी मार्मिक आहे. चाकाला धाव नसेल तर गाडीलाही धाव नाही, हे साधे तत्त्व त्या एका शब्दात साठवलेले आहे.

या शब्दाकडे आम्ही वळलो ते झाडीपट्टी रंगभूमीच्या निमित्ताने. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला मराठी शिकवणाऱ्यांना ही रंगभूमी अभ्यासक्रमात शोधावी लागत नाही; दिवाळीनंतर ती रस्त्यावरच भेटते. तिच्याविषयी आता बरेच लिहिले जाते. संहिता, नट, संगीत, प्रेक्षक, तिकिटाचे अर्थकारण या सर्वांचा विचार होतो. ज्या चाकांवर ती गावोगाव जाते त्यांचा विचार मात्र कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही. आमचे म्हणणे असे की, चाकावर उभ्या असलेल्या कोणत्याही घराचे आयुष्य त्याच्या भिंती किंवा त्याचे इंजिन फारसे ठरवीत नाही. झिजलेली धाव बदलून मिळते की नाही, यावर ते ठरते. आणि ही धाव कोण बनवतो व किती दूर बनवतो, यात गेल्या शतकात जो पालट झाला, तो कुरखेड्यासारख्या गावातून पाहिला की अधिक स्पष्ट दिसतो.

*

प्रथम जुन्या धावेविषयी. बंडीच्या चाकाचे अंग असे : मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वक्र लाकडी तुकडे, आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी धाव. सुतार लाकडाचे चाक पुरे करी आणि लोहार लोखंडाची सरळ पट्टी वाकवून तिचे कडे करी. या कड्याचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवायचा, ही त्यातली खरी विद्या. गोवऱ्यांच्या आरात कडे लाल झाले की ते प्रसरण पावे. मग सांडशीने धरून ते चाकावर चढवीत आणि लगेच पाणी ओतीत. निवताना कडे आकसे आणि चाकाचे सगळे सांधे एकमेकांत घट्ट बसत. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली तर चाक नदीत किंवा बोडीत भिजत ठेवीत. लाकूड फुगे आणि धाव पुन्हा बसे. तेवढ्याने भागले नाही तर लोहार पट्टी थोडी कापून, पुन्हा जोडून, पुन्हा तापवून चढवी.

ध्यानात घ्यावे असे यात दोन मुद्दे आहेत. पहिला, येथे मापाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक चाक थोडे वेगळे असे, म्हणून प्रत्येक धाव त्या चाकाला बेतून होई. दुसरा, लोखंड पुन्हा पुन्हा तापवता येते. एका बंडीची उतरलेली धाव दुसऱ्या चाकावर चढू शके, किंवा तिचा नांगराचा फाळ होऊ शके. लाकूड तर या प्रदेशात दाराशीच होते. आसेसाठी आणि दांड्यासाठी धावडा, चाकासाठी तिवस, बाकीच्या कामाला साग. धाव मिळत नाही म्हणून चांगली बंडी टाकून द्यावी लागली, असे होण्याचे कारण नव्हते. लोहाराला वेळ नाही, एवढेच काय ते होई.

चाकावरच्या घराचे याहून शुद्ध उदाहरण हवे असेल तर गाडीलोहारांचे पाहावे. राजस्थानातून निघून मध्य भारतभर आणि महाराष्ट्रातही पसरलेला हा भटका समाज. गाडी हेच त्यांचे घर, तीच भांड्यांची मांडणी, तीच बाळाची झोळी बांधण्याची जागा. १५६८ मध्ये चितोड पडले तेव्हा गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचे नाही अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडात नेले आणि त्या शपथेतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. कथेतील इतिहास किती आणि दंतकथा किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे की, या घराचा धनी स्वतःच लोहार होता. घर ज्या वस्तूवर चाले ती वस्तू घरातल्या ऐरणीवर होत होती. घर आणि धाव एकाच हातात असण्याचा हा कदाचित इतिहासातला शेवटचा टप्पा असेल.

*

मराठी नाटकाचा प्रवास मात्र लवकरच बैलगाडीतून रेल्वेत गेला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले. त्यांची मंडळी मुंबईत प्रयोग करू लागली ते वर्ष १८५३. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली. हा योगायोग असला तरी पुढल्या नाट्येतिहासात त्याला अर्थ प्राप्त झाला. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तोवर रुळांचे जाळे बरेच पसरले होते, आणि संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे, पेट्या, ऑर्गन आणि माणसे मालडब्यांतून व तिसऱ्या वर्गातून हिंडू लागली. नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांचा नकाशा काढला तर तो बराचसा रेल्वेच्या नकाशासारखा दिसेल. रेल्वेचे चाक कोण दुरुस्त करतो, याची चिंता मंडळीच्या मालकाला नव्हती.

झाडीपट्टीची गोष्ट निराळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात दंडार, खडी गंमत, डहाका, राधा असे लोकरंगाचे प्रकार आधीपासून नांदत होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या भागातील बोली आणि दंडार यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. हे प्रकार गावातच जन्मत आणि गावातच, फार तर शेजारच्या गावात, होत. त्यांना वाहनाची गरज नव्हती. पुढे गोंदियाहून चांद्याकडे जाणारी अरुंद मार्गाची रेल्वे आली आणि वैनगंगेच्या काठाजवळचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिच्यावरचे स्थानक झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यानंतरही दीर्घकाळ वडसा हेच जिल्ह्यातले एकमेव रेल्वेस्थानक राहिले. नाटक कंपन्यांची कार्यालये वडशात एकवटली यामागे हे एक मोठे कारण आहे. बाहेरगावचा नट, गायक, वादक वडशापर्यंत रुळावरून येणार; पुढचा सगळा प्रवास रस्त्याचा.

आणि हा रस्ताच झाडीपट्टीचे खरे वैशिष्ट्य आहे. भाऊबीजेच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. धान घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, रात्री थंड असतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी अनेक गावांत ठरलेली. (२०१४ च्या न्यायालयीन बंदीने पट थांबला, डिसेंबर २०२१ मध्ये त्याला पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, पटाच्या बैलांबरोबर नाटकाचेही दिवस कसे खाली-वर होतात ते या काळात दिसले.) संध्याकाळी वडशाहून गाडी निघते, रात्री उशिरा पडदा वर जातो, नाटक पहाटेपर्यंत चालते, सकाळी गाडी परत. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. कलावंताची झोप बव्हंशी या गाडीत होते. जेवणाचा डबा, रंगाची पेटी, भांडण आणि समेट, सारे गाडीत. घर याहून निराळे काय असते?

कुरखेडा या जगाच्या मध्यावरच आहे. सती नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव वडशापासून फार दूर नाही. पण येथून पुढे पुराड्याकडे, बेडगावच्या घाटातून कोरचीकडे, किंवा मालेवाड्याच्या बाजूला निघालो की जंगल दोन्ही अंगांनी जवळ येते आणि वस्ती विरळ होत जाते. याच तालुक्यातील गुरनोली हे परशुराम खुणे यांचे गाव. झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणून लोकांनी ज्यांना डोक्यावर घेतले, त्या खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रयोगांची संख्या पाच हजारांच्या वर सांगितली जाते. हा आकडा आपण नटाच्या निष्ठेचा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तोच आकडा रस्त्याचा म्हणूनही वाचता येतो. प्रत्येक प्रयोगामागे एक जाणे आणि एक येणे धरले तर दहा हजार प्रवास होतात, बहुतेक रात्रीचे. त्या प्रवासांखाली किती चाके झिजली, याची नोंद कोणत्या ग्रंथात आहे?

*

आता रबराकडे येऊ. रबर उन्हात वितळे आणि थंडीत तडके; १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८४५ मध्ये थॉमसनने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते विसरले गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने ते पुन्हा शोधले आणि या वेळी जगाने उचलले. १९३६ मध्ये हुगळीकाठी शहागंजला डनलॉपचा कारखाना सुरू झाला. रबरी चाकाची बैलगाडी आली तेव्हा खेड्यांनी तिला ‘डनलॉपची गाडी’ किंवा नुसती ‘टायरगाडी’ म्हटले. कंपनीचे नाव सामान्यनाम होणे, हा भाषेने दिलेला मोठा मान होय. तो मान शिल्लक आहे. शहागंजचा कारखाना मात्र बंद पडला.

असाच आणखी एक शब्द आपण रोज वापरतो. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधील लानेथ्ली या गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. दुकान ज्या स्टेपनी रस्त्यावर होते त्याचे नाव चाकाला मिळाले. इंग्रजांच्या व्यवहारातून हा शब्द जवळजवळ गेला. कुरखेड्याच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी तो जिवंत आहे.

रबराने बैलाचे श्रम कमी केले, गाडीचा वेग वाढवला, रस्त्याचे हादरे मऊ केले. हे सर्व खरे आहे आणि ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली. गंधक मुरलेले रबर लोखंडासारखे पुन्हा वितळवून ओतता येत नाही. ते गावात होत नाही, गावात जुळवता येत नाही. धाव चाकाला बेतली जात होती. आता चाकाने कारखान्याच्या आकड्याला बेतून घ्यायचे. आणि कारखाना दूर असला की त्याची वाट कोणीही अडवू शकतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि मलायाचे रबर जपानच्या हाती गेले, तेव्हा हिंदुस्थानात टायरांवर नियंत्रण आले. पेट्रोलची टंचाई तर होतीच; कोळशाच्या गॅसवर बसगाड्या चालवण्याचे ते दिवस. मलायातील पराभवाचा आणि विदर्भातील रस्त्याचा संबंध असा चाकातून जुळला.

*

टायर नसल्याने घर थांबते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे मोटारीतच स्वयंपाकघर, बिछाना, नहाणी असलेली ‘मोटरहोम’ ही वस्तू मध्यमवर्गात लोकप्रिय झाली. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात अशी एक गाडी काढली. देखणी आणि मजबूत; तिच्यावर प्रेम करणारे लोक अजून आहेत. तिच्या चाकाचा व्यास मात्र साडेसोळा इंच होता. त्या काळी हे माप अनेक हलक्या मालगाड्यांना आणि फिरत्या घरांना होते. पुढे उद्योगाने ते सोडून दिले आणि सोळा इंचाचे धरले. साडेसोळाची टायरे दुर्मीळ होत गेली. गाडीचा पत्रा शाबूत, इंजिन शाबूत, आतला बिछाना शाबूत. पण तिच्या मापाचा टायर दुकानात नाही. अखेर मालकांनी चाकेच बदलून सोळा इंची बसवली, तेव्हा गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या.

यात अर्ध्या इंचाचा मोह प्राणघातक ठरला. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर वरवर पाहता चढतो. पण त्याची कड नीट बसत नाही. ती बसावी म्हणून हवा वाढवत गेले की टायर फुटतो आणि भरणारा माणूस जखमी होतो, क्वचित मरतो. याविषयी टायरांवरच इशारे छापावे लागले. वस्तू जवळपास सारखी आहे म्हणून चालेल, ही समजूत किती महाग पडते याचा हा धडा आहे.

आपल्याकडे हा धडा वेगळ्या रूपात येतो. जुन्या जीपचा टायर ६.००-१६ मापाचा, आणि अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचाही ६.००-१६. जंगलपट्ट्यात जुन्या जिपा पुष्कळ, ट्रॅक्टर त्याहून पुष्कळ. जीपचा टायर मिळेना तर ट्रॅक्टरचा घालावा हा विचार साहजिकच येतो. परंतु ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर शेतातल्या मंद चालीसाठी घडवलेला असतो. भरल्या गाडीच्या वेगाला आणि डांबरी रस्त्याच्या उष्णतेला तो नाही. आकडा एकच, जात वेगळी. एकाच शीर्षकाची दोन पुस्तके असावीत आणि परीक्षेला नेमके भलतेच वाचून जावे, तसे हे.

*

साहित्याच्या विद्यार्थ्याने टायरकडे पाठ म्हणून पाहावे, असे आम्ही सुचवतो. त्याच्या कुशीवर पुष्कळ मजकूर असतो आणि तो वाचता येणे ही मोठी उपयुक्त साक्षरता आहे. जुन्या बसच्या टायरवर ‘९.००-२० १६ पीआर’ असे असेल, तर नऊ इंच रुंदी आणि वीस इंच रिमचा व्यास, हा पहिला अर्थ. मधली आडवी रेघही बोलते : ती असेल तर टायरातील धागे तिरपे एकमेकांवर रचलेले आहेत, बाजारात याला ‘नायलॉन’ म्हणतात. रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ असेल तर तो रेडियल. एकाच आसेवर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल घालू नये. दोघांची वळणावरची वागणूक भिन्न असते. ‘पीआर’चा इतिहास तर शब्दार्थशास्त्रात शिकवण्यासारखा आहे. पूर्वी टायरात सुती कापडाचे जितके थर तितका तो आकडा. कापड गेले, नायलॉन आले, थर कमी झाले; आकडा तसाच राहिला. आज ‘सोळा’ म्हणजे सोळा थर नव्हेत; सोळा सुती थरांइतके बळ. अर्थ सरकला, संज्ञा उरली.

सर्वांत महत्त्वाचे चार आकडे मात्र बारीक असतात आणि बहुधा वाचले जात नाहीत. ‘३५१९’ म्हणजे २०१९ सालातील पस्तिसावा आठवडा. त्या आठवड्यात हा टायर जन्मला. २००० पूर्वी हे आकडे तीनच असत, त्यामुळे दशक कोणते ते कळत नसे. असा तीन आकडी टायर आज कोणी स्वस्तात देऊ केला, तर त्याची नक्षी कितीही खोल असो, तो घेऊ नये.

कारण टायर दोन प्रकारे मरतो. एक चालून, दुसरा उभा राहून. मालट्रकचा टायर चालून झिजतो. फिरत्या घराचा टायर उभ्याने म्हातारा होतो. ऊन आणि हवेतील ओझोन रबराला सूक्ष्म चिरा पाडतात; एकाच जागी महिनोन्‌महिने भार पडून राहिल्याने आतला सांगाडा थकतो; वर नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहाव्या वर्षानंतर तो वापरूच नये, असे टायर बनवणारेच सांगतात. अमेरिकेतील फिरत्या घरांची ही नित्याची व्यथा आहे. ती वाचताना आम्हांला वडशातील गाड्या आठवतात. झाडीपट्टीचा हंगाम सरला की यांतील अनेक गाड्या होळीपासून दिवाळीपर्यंत बव्हंशी उभ्या असतात. विदर्भाचा उन्हाळा आणि झाडीचा पावसाळा, दोन्ही त्या उघड्यावर सोसतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा तर त्या नेहमीपेक्षा बराच अधिक काळ जागीच राहिल्या. मग दिवाळी येते, तारखा ठरतात, टायर ‘चांगला दिसतो’ म्हणून गाडी निघते. पंचवीस-तीस माणसे आणि मध्यरात्रीचा घाटरस्ता. कलेविषयी बोलताना आपण ज्याला जोखीम म्हणतो ती बहुधा आशयाची असते. ही जोखीम जिवाची आहे.

*

मग कुरखेड्यातल्या जुन्या गाडीच्या मालकाने काय करावे? हा प्रश्न व्यवहाराचा असला तरी त्याच्या उत्तरात इतिहास आहे. कोणती जुनी गाडी तगते आणि कोणती नाही, हे तिच्या गुणांवर नसून तिच्या चाकाचा आकडा अजून किती जणांना लागतो यावर असते. १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७ ही गाडी झाडीत सर्वत्र दिसते. तिचा ७.५०-१६ हा टायर अजून सहज मिळतो, कारण तो आकडा असंख्य मालगाड्यांचा आहे. बजाज टेम्पोच्या मेटाडोरने विदर्भात एवढे स्थान मिळवले की कोणत्याही छोट्या मालगाडीला लोक मेटाडोर म्हणू लागले. गाडी बनणे थांबून वर्षे लोटली, शब्द चालू आहे. जिचा आकडा बहुसंख्यांचा, ती गाडी म्हातारपणीही फिरते. जिचा आकडा एकटीचा, ती तरुणपणीच थांबते. बोलींचेही असेच नाही का होत?

नवा टायर त्याच मापाचा मिळाला तर उत्तम. तालुक्याला नाही तर वडसा, तेथे नाही तर ब्रह्मपुरी, शेवटी नागपूर. विदेशी दुर्मीळ माप असेल तर वाट अधिक अवघड आहे, कारण २००९ च्या आदेशाने टायरला भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे झाले आणि जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आले. दुसरा मार्ग जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवण्याचा. बाजार त्याला ‘रिमोल्ड’ म्हणतो. एसटीच्या कागदात त्याला ‘पुनःस्तरण’ असे भारदस्त नाव आहे आणि महामंडळ आपल्या गाड्यांसाठी ते स्वतःच करते. लोहाराने धाव उतरवून पुन्हा चढवावी, त्याच्याशी यंत्रयुगात नाते सांगणारी हीच एक क्रिया. मात्र सांगाडा निरोगी हवा. उभ्याने म्हातारा झालेला टायर रिमोल्डला द्यायचा नसतो, आणि चढवला तरी तो पुढच्या चाकांना घालायचा नसतो. तिसरा मार्ग अमेरिकेतील त्या मालकांचा : टायर शोधत बसण्याऐवजी चाकच प्रचलित मापाचे करून घेणे. येथे बोल्टांची जुळणी, ब्रेकला मिळणारी जागा आणि टायरची भारक्षमता हे सगळे जाणत्याकडून तपासून घ्यावे लागते. पण दीर्घकाळ टिकणारा मार्ग पुष्कळदा हाच असतो.

हे सर्व करायला पैसा लागतो, आणि तो नेमका हंगामाच्या तोंडावर लागतो, जेव्हा कंपनीच्या हाती अजून काही आलेले नसते. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकावरच्या घराला प्रथमच सरकारी ओळख मिळाली. ती पर्यटकाच्या घराला मिळाली, हे ठीकच. पण या राज्यात चाकावरची घरे त्याआधीही होती. नारायणगावहून निघणाऱ्या तमाशाच्या फडांच्या गाड्या आहेत, वडशाहून निघणाऱ्या नाटकांच्या आहेत. आसामात १९६३ मध्ये अच्युत लहकरांनी पाठशाला येथे नटराज थिएटर काढले आणि रंगमंचासह हिंडणाऱ्या रंगभूमीची परंपरा उभी केली. तेथे ट्रक हा नाट्यव्यवहाराचा भाग म्हणून सर्वजण ओळखतात. आपल्याकडे कलावंताला मानधन, पुरस्कार, संमेलन यांचा विचार होतो. हंगामाआधी त्यांच्या गाड्यांची चाके तपासून द्यावीत, टायरासाठी अल्प व्याजाने उचल द्यावी, अशी मागणी अजून कोणी केलेली आम्ही ऐकली नाही. ती व्हावी असे आम्हांला वाटते.

आणि आमच्या व्यवसायाकडूनही एक अपेक्षा आहे. झाडीपट्टीच्या कंपन्यांच्या खातेवह्या कुठे कुठे अजून असतील. त्यांत नटांच्या रकमांशेजारी डिझेल, पंक्चर, ट्यूब, रिमोल्ड अशा नोंदी असणार. संशोधक संहिता शोधायला जातो तेव्हा या वह्या त्याच्या समोरून रद्दीत जातात. एका हंगामाची अशी एक वही मिळाली, तर कंपनी किती गावांना पोचली, कोणत्या रस्त्याला थांबली, कोणत्या वर्षी तिचे गणित कोलमडले, हे कोणत्याही आठवणींच्या पुस्तकापेक्षा नेमके कळेल. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी यंदा वडशाला किंवा कुरखेड्याला जावे, नाटक तर पाहावेच, आणि सकाळी गाडीचा मालक जागा झाला की त्याच्याकडे जुन्या वह्या मागाव्यात. जाताना गाडीच्या चाकावरचे ते बारीक चार आकडे वाचून त्याला सांगावेत. आपल्या विद्येचा तेवढा उपयोग त्या रात्रीच्या प्रवासाला व्हायला हरकत नाही.